निरोगी दिसणाऱ्या गवतातील बुरशी

पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी माणसाने खावयाची नाही, ती गुरांपुढे किंवा कोंबड्यांपुढे टाकावयाची, ही दख्खनच्या पठारावरील जुनी रीत आहे. दाणा वाया जाऊ नये ही त्यामागील भावना योग्यच. परंतु माणसाला जे बाधते ते जनावराला पचते, हे गृहीत तपासून पाहण्यासारखे आहे. १९९५ साली अवकाळी पावसाने कणसे भिजली आणि पठारावरील काही खेड्यांत बुरसलेल्या ज्वारीच्या व मक्याच्या भाकरी खाणाऱ्या कुटुंबांत पोटदुखी आणि जुलाब यांची साथ उद्भवली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांना त्या धान्यात फ्यूमोनिसिन हे विष आढळले. ते धान्य खाणे थांबविताच माणसे बरी झाली. पण तेच धान्य कोंबडीच्या एक दिवसाच्या पिलांना चारले असता त्यांनाही जुलाब झाले. घोड्याच्या पोटात हे विष गेले तर मेंदूचा नाश होतो आणि डुकराच्या फुप्फुसांत पाणी साचते. हैदराबादच्या परिसरातील कुक्कुटपालनाचा सारा भार मक्यावर आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

हे विष निर्माण करणारी बुरशी केवळ ओल्या दाण्यावरच वाढते असे नाही. मक्याच्या उभ्या ताटात, खोडाच्या आत, ती कोणतेही लक्षण न दाखविता राहू शकते. वनस्पतीच्या अंतर्भागात अशा रीतीने नांदणाऱ्या बुरशीस अंतर्वासी बुरशी म्हणता येईल. तिचा चरणाऱ्या जनावरांशी काय संबंध आहे, याचा सर्वांत मोठा धडा मात्र मक्याने नव्हे, तर अमेरिकेतील एका कुरणगवताने दिला.

टॉल फेस्क्यू हे ते गवत. त्याचा एक जोमदार प्रकार १९३१ साली केंटकी राज्यातील एका डोंगरउतारावर आढळला आणि १९४३ साली ‘केंटकी ३१’ या नावाने तो शेतकऱ्यांच्या हाती आला. दुष्काळ सोसणारे, तुडवले तरी न मरणारे हे गवत बघता बघता लक्षावधी एकरांवर पसरले. पण त्यावर चरणारी गुरे सुधारेनात. उन्हाळ्यात ती धापा टाकीत, चरणे सोडून तळ्याच्या पाण्यात जाऊन उभी राहत. अंगावरचे राठ केस झडत नसत. वजन वाढत नसे. हिवाळ्यात काहींचे खूर सडून गळून पडत. गाभण घोड्या दिवस उलटून गेले तरी वीत नसत आणि व्याल्यावर त्यांच्या कासेत दूध नसे. आपल्याकडचा गवळी अशा वेळी जनावर पान्हा चोरते म्हणाला असता, नाहीतर कोणाची दृष्ट काढली असती! गवत तर हिरवेगार होते. त्यावर संशय कोण घेणार?

१९७० नंतरच्या दशकात जॉर्जिया राज्यात चार्ल्स बेकन आणि त्यांचे सहकारी यांनी एकाच शेतावरील दोन कुरणे तुलनेस घेतली. एकातील गुरे आजारी होती, दुसऱ्यातील धडधाकट. आजारी गुरांच्या कुरणातील जवळजवळ प्रत्येक ताटात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसले. दुसऱ्यात ते क्वचितच होते. १९७७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे असे सिद्ध झाले की ही बुरशी एर्गोव्हॅलीन नावाचे द्रव्य तयार करते. त्यायोगे जनावराच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि दुग्धनिर्मितीस चालना देणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक घटते. ही बुरशी वाऱ्याने पसरत नाही; ती बियाण्यातूनच एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

मग बुरशीविरहित बियाणे पेरावे, इतके सोपे उत्तर निघाले. ते पेरलेही गेले, आणि गवत उन्हाने व किडीने मरू लागले. ज्या पाहुण्याला घराबाहेर काढले तोच घराची राखण करीत होता! न्यूझीलंडमध्ये रायगवताची हीच कथा झाली. तेथे मेंढ्यांना लडखडविणारी बुरशी काढून टाकताच भुंग्यांनी गवत फस्त केले. अखेर किडीला आवरणारी, पण जनावराला न बाधणारी बुरशी शोधून ती गवतात वसविण्यात आली. अशी बियाणी २००० सालच्या सुमारास बाजारात आली.

फेस्क्यू हे थंड हवेतील गवत. तेलंगणात किंवा मराठवाड्यात ते नाही. परंतु त्यातील बुरशीचे भाऊबंद इकडेही आहेत. भाताच्या लोंबीची काळसर, ताठ उदबत्ती करून टाकणारा ‘उदबत्ता’ रोग याच कुळातील बुरशीचा, आणि बाजरीचा अरगटही त्याच कुळातला. फरक इतकाच की अरगट ताटात लपून बसत नाही. फुलोऱ्यात शिरून कणसातून मधासारखा चिकट द्राव गाळतो आणि मागाहून दाण्याच्या जागी काळपट कठीण गाठी धरतो. १९५६–५७ साली तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन लोकांना विषबाधा झाली होती. १९७५ साली राजस्थानात तसेच घडले, तेव्हा त्याचा अभ्यास हैदराबादच्याच संस्थेने केला. ओकाऱ्या, भोवळ, गुंगी अशी लक्षणे दिसली. आफ्रिकेत, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, हीच अरगटयुक्त बाजरी खाल्लेल्या डुकरिणी व्याल्या, पण त्यांना दूध आले नाही. केंटकीच्या घोड्यांचेच हे दुखणे!

बाजरीच्या बाबतीत उपाय घरचा आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे सोडले की अरगटाच्या हलक्या गाठी आणि पोचट दाणे वर तरंगतात; तळाशी बसलेले निरोगी बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. घोटाळा होतो तो या पुढच्या पायरीवर. वर आलेला गाळ सुपात भरून पुष्कळदा गोठ्याकडे नेला जातो, कारण त्यात थोडा दाणाही असतो. तो गव्हाणीत न टाकता जाळावा किंवा खोल पुरावा. गाभण आणि दुभत्या जनावरांपासून तर तो कटाक्षाने दूर ठेवावा.