आधी दुरुस्ती, मग दर्या

(रायगड जिल्ह्यातल्या महिला गटांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिला आहे 'बायका आणि समुद्र'. अशा विषयावर बोलायचं म्हटलं की दोन-चार धाडसाच्या गोष्टी सांगायच्या, टाळ्या घ्यायच्या आणि खाली बसायचं अशी एक रीत पडून गेली आहे. आठ मार्चला दरवर्षी आपण ती बघतो. मी आज एका शिडाच्या होडीची गोष्ट सांगणार आहे. पण ती समुद्रात गेली तिथून सुरुवात करणार नाही. ती जमिनीवर, टेकूंवर उभी होती तिथून करणार आहे. एक तर मी फिटर आहे, माझा जीव पान्या-पकडीत रमतो. आणि दुसरं म्हणजे इथे बसलेल्या खाडीकाठच्या दोन गटांनी सफरीसाठी जुनी होडी विकत घ्यायचं मनात आणलं आहे. त्यांना धाडसाच्या गोष्टींचा काही उपयोग नाही, दुरुस्तीच्या गोष्टीचा होईल.

ट्रेसी एडवर्डस् नावाची एक इंग्लिश मुलगी. शाळेतून काढून टाकलेली. घर सोडून ग्रीसला गेली, तिथे बारमध्ये काम केलं, मग श्रीमंतांच्या नौकांवर खाणंपिणं वाढणारी म्हणून लागली. या नौकांवर ती होड्या चालवायला शिकली. तेव्हा व्हिटब्रेड नावाची जगप्रदक्षिणेची शर्यत दर चार वर्षांनी होत असे. १९८५-८६च्या शर्यतीत तिला एका होडीवर जागा मिळाली, ती स्वयंपाकीण म्हणून. बाकी सगळे पुरुष. समुद्र बदलला, देश बदलले, चूल मात्र तिथेही बाईकडेच.

तिला व्हायचं होतं नॅव्हिगेटर, म्हणजे होडी कुठे आहे आणि कुठे न्यायची याचा हिशोब ठेवणारी. पण बाईला ते काम कोणी देणार नव्हतं. मग तिने ठरवलं, पुढच्या शर्यतीला सगळ्या बायकांचीच होडी उतरवायची. कंपन्यांकडे पैसे मागायला गेली तर दारं बंद. बायका समुद्रात मेल्या तर आमच्या नावाला बट्टा, असा तो हिशोब. शेवटी तिने स्वतःचं घर गहाण टाकलं आणि एक जुनी होडी घेतली.

इथे मी जरा थांबते. घर गहाण टाकायला आधी घर नावावर असावं लागतं. या हॉलमध्ये किती जणींच्या नावावर घर आहे? महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला, २००५ साली तो देशभर लागू झाला. तरी आजही भावाला हक्कसोड लिहून देणाऱ्या बहिणी आपल्या घराघरांत आहेत. धाडस कमी म्हणून बाई दर्यावर जात नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी सातबारा बघावा.

तर ती होडी. १९७९ साली बांधलेली, ५८ फूट लांब, ॲल्युमिनियमची. १९८१-८२च्या शर्यतीत धावून आलेली आणि नंतर हाल होऊन पडलेली. ट्रेसीने तिचं नाव 'मेडन' ठेवलं. आपल्याकडे मेडन म्हणजे धाव न दिलेली ओव्हर एवढंच माहीत, पण मूळ अर्थ कुमारिका. नावातली थट्टा तुमच्या लक्षात आली असेल.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हॅम्बल म्हणून ठिकाण आहे, तिथल्या यार्डात ही होडी उभी करून बायकांनी ती आतून सगळी मोकळी केली. बाकीच्या टीमकडे कारागिरांना द्यायला पैसे होते, यांच्याकडे नव्हते. म्हणून घासणं, रंगवणं, पाइप, वायरिंग या बायकाच शिकत गेल्या आणि करत गेल्या. येणारेजाणारे विचारत, तुमचे पुरुष कुठे आहेत? हा प्रश्न मी आयटीआयमधून बाहेर पडले तेव्हापासून ऐकते आहे. एका वर्कशॉपने मला पहिले तीन महिने रजिस्टर लिहायला आणि चहाचे कप विसळायला ठेवलं होतं. लेथपाशी उभी राहिले की मालक म्हणायचा, साडी अडकेल. मी साडी नेसतच नव्हते.

जुनी होडी दुरुस्त करणं म्हणजे काय हे थोडं सांगते, कारण बाहेरून रंग दिला की झालं असं लोकांना वाटतं. ॲल्युमिनियमला साधा तांबूस गंज चढत नाही. पण त्याच्याशी पितळ किंवा कांसं टेकलेलं असेल आणि मध्ये खारं पाणी असेल, तर तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. वरून रंग शाबूत, आतून पत्रा कागदासारखा. म्हणून प्रत्येक बोल्ट, प्रत्येक व्हॉल्व काढून बघावा लागतो, दोन धातूंमध्ये रबर किंवा प्लास्टिक घालावं लागतं. डोलकाठी उभी धरणाऱ्या पोलादी तारा असतात, त्यांचा एक-एक पदर आतल्या आत तुटत जातो. हात फिरवला की चिंधी अडकते, तिथे तार गेली समजायचं. तळाशी शिशासारख्या जड धातूचं वजन बोल्टांनी जोडलेलं असतं, ते असतं म्हणून होडी आडवी झाली तरी परत उठते. ते बोल्ट तपासायचे. पंप, पाण्याच्या टाक्या, बॅटऱ्या, सुकाणूच्या दोऱ्या. महिनोन् महिने हेच. या कामाचे फोटो कुणी काढत नाही.

आणि या कामात भांडणंही झाली. शर्यत तोंडावर असताना ट्रेसीने आपल्या मुख्य मदतनीस बाईला काढून टाकलं. ती फ्रेंच, ट्रेसीपेक्षा जास्त अनुभवी. दोन कप्तान एका होडीवर चालेनात. आपल्या चळवळीत अशी भांडणं झाली की आपण खाजगीत रडतो आणि अहवालात 'मतभेद' असा एक शब्द लिहून मोकळ्या होतो. बायका एकत्र आल्या की सगळं बहिणीबहिणीसारखं गोड होतं, असं मला तरी कधी दिसलेलं नाही. काम मात्र झालं.

शेवटी पैसे कुणी दिले? जॉर्डनचे राजे हुसेन यांनी. ट्रेसी नौकेवर वाढपी होती तेव्हाची त्यांची ओळख. त्यांच्या विमान कंपनीने होडीचा खर्च उचलला. हे सांगितलं की काही कार्यकर्त्या नाक मुरडतात, राजाच्या पैशावर कसली मुक्ती? प्रश्न रास्त आहे. पण इंग्लंडातल्या एवढ्या कंपन्यांनी पाठ फिरवली हेही त्याच वहीत लिहायला हवं. प्रत्येकीला राजा भेटत नाही, म्हणून तर बचत गट काढावे लागतात.

२ सप्टेंबर १९८९ रोजी साउदॅम्पटनहून शर्यत सुटली. होडीवर बारा बायका. पहिला टप्पासुद्धा यांच्याने पुरा होणार नाही असं वर्तमानपत्रं लिहीत होती. एका ब्रिटिश दैनिकाच्या पत्रकाराने यांना पत्र्याच्या डब्यात भरलेल्या उठवळ बाया म्हटलं होतं. दुसरा टप्पा सगळ्यात कठीण, दक्षिण समुद्रातून ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला. बर्फाचे डोंगर, डोंगराएवढ्या लाटा, हाडं गोठवणारी थंडी. मेडनने तो आपल्या गटात जिंकला. त्यापुढचा ऑकलंडचाही जिंकला. मग त्या पत्रकाराने आपलं वाक्य सुधारलं. सुधारलं म्हणजे काय, तर उठवळ हा शब्द ठेवला आणि त्याला हुशार, वेगवान अशी विशेषणं लावली!

याच दुसऱ्या टप्प्यात दुसऱ्या एका होडीवरचे दोन खलाशी पाण्यात पडले. दोघांना वर काढलं, पण एक जण वाचला नाही. त्या होडीला रेडिओवरून काय करायचं ते सांगत होती मेडनवरची डॉक्टर बाई. स्वतः त्याच वादळी समुद्रात असताना. ही गोष्ट मला शर्यत जिंकण्यापेक्षा मोठी वाटते.

केप हॉर्नच्या टप्प्यात मेडनमध्ये पाणी येऊ लागलं आणि ती मागे पडली. अशा वेळी कुठला पाइप कुठून जातो, कुठला पंप कसा उघडायचा हे ज्यांनी स्वतःच्या हाताने बसवलं असेल त्यांना अंधारातही कळतं. मला यार्डातल्या त्या महिन्यांचं मोल इथे दिसतं. हार दिसू लागली तेव्हा फ्लोरिडाला या बायका पोहण्याच्या पोशाखात होडी घेऊन बंदरात शिरल्या, आणि तो फोटो जगभर छापून आला. दोन टप्पे जिंकल्याचा इतका छापला नव्हता. त्यावरून आपण वाद घालू शकतो. मला एवढंच दिसतं की त्यांना छापणाऱ्यांची नजर नीट ठाऊक होती.

२८ मे १९९० रोजी त्या साउदॅम्पटनला परतल्या. गटात दुसऱ्या आल्या. ट्रेसीला 'यॉट्समन ऑफ द इयर' हा किताब मिळाला, तो मिळवणारी ती पहिली बाई. किताबातला 'मॅन' तसाच राहिला. त्या काळात तिला विचारलं की तू स्त्रीवादी आहेस का, तर ती झटकून टाकायची, तो शब्दच आवडत नाही म्हणायची. पुढे तिने मत बदललं. आपण मात्र अशा बायकांवर फार लवकर फुली मारतो. गावातली बाई 'मी काही मुक्तीवाली नाही हं' म्हणत म्हणत दारूचा गुत्ता बंद पाडते, तेव्हा तिला आधी शब्द शिकवायचा की तिच्यासोबत उभं राहायचं?

शर्यतीनंतर पैसे संपले, होडी विकावी लागली. ट्रेसीचं मनही कोसळलं. होडी या हातातून त्या हातात गेली आणि २०१४ साली सेशेल्समध्ये बेवारस, मोडक्या अवस्थेत सापडली. वर्गणी काढून तिने ती परत घेतली. राजे हुसेन यांच्या मुलीने, राजकन्या हया यांनी दुरुस्तीला मदत केली. २०१७ साली होडी इंग्लंडला आली, पुन्हा हॅम्बललाच उभी राहिली, पुन्हा सगळी खोलून बांधली. २०१८ अखेर ती मुलींच्या शिक्षणासाठी पैसा आणि जाणीव उभी करायला जगभर निघाली. आणि २०२३-२४ साली जुन्या होड्यांची एक जगप्रदक्षिणा शर्यत झाली, उपग्रहावरचा मार्गदर्शक न वापरता, सूर्य-तारे मोजून जायची. त्यात हीच पंचेचाळीस वर्षांची मेडन सगळ्या बायकांनी नेली, कप्तान हेदर थॉमस, आणि ती पहिली आली. जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी बायकांची पहिलीच टोळी. त्यात आपल्या नौदलाच्या पायल गुप्ता होत्या.

याच पायल गुप्ता २०१७-१८ साली 'तारिणी'वरही होत्या. तारिणी गोव्यात दिवाडी बेटावरच्या यार्डात बांधलेली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली त्यांच्यासह सहा जणी तिच्यातून जग फिरून आल्या. परतताना सुकाणू बिघडलं म्हणून मॉरिशसला थांबावं लागलं. बातम्यांत ती ओळ शेवटी होती, मी ती आधी वाचली. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दिलना आणि रूपा या दोन अधिकारी बायकांनी हीच होडी पुन्हा जगाभोवती नेली. दोघीच. म्हणजे काय बिघडलं तर दुरुस्त करायलाही दोघीच.

आता आपल्या किनाऱ्यावर या. मी कोळीवाड्यातली. मासळी किनाऱ्याला लागली की ती बाईची, बाजार तिचा, पैसा तिच्या बटव्यात. पण होडीचा परवाना, कर्ज, डिझेलचा परतावा नवऱ्याच्या नावावर. पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारतात, आत जाळी आणि इंजिनं खोलतात, तेव्हा बाई चहा घेऊन जाते. नारळी पौर्णिमेला होडीला ओवाळते. इंजिनाचा नट कुठल्या नंबरच्या पान्याने सुटतो हे तिला कोणी सांगत नाही. मग नवरा दर्यात गेला नि परतला नाही, की ती होडी वर्षभरात कवडीमोलाने जाते. माझ्या चुलत मावशीची अशी गेली. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका स्वतः वल्ही मारून कांदळवनाची सफर घडवतात, ते आपल्यातल्या काही जणी बघून आल्यात. त्यावरूनच हा होडीचा विचार निघाला, चांगला निघाला.

मघाशी एक ताई म्हणाल्या, होडी आम्ही घेऊ, दुरुस्तीचं गावातली मंडळी बघतील. ताई, जो दुरुस्त करतो त्याच्याच मर्जीने होडी सुटते. गटातल्या निदान चौघींनी तरी दुरुस्तीच्या वेळी सुरुवातीपासून हात काळे करायला हवेत. त्या दिवसांची मजुरी गटाच्या खर्चात धरा, फुकटात राबू नका.

होडी बघायला जाल तेव्हा ओहोटीची वेळ बघून जा, म्हणजे तळ दिसेल. सोबत छोटी हातोडी आणि जाड दाभण घ्या. फळीवर हातोडी मारत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे दाभण टोचा, आत गेलं तर लाकूड कुजलंय. फायबरची असेल तर नाण्याने ठोका, पोकळ वाजलं की थर सुटलेत. ताजा रंग लावलेला असेल तर जास्त शंका घ्या. इंजिन आधीच तापवून ठेवलं असेल तर परत या आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिन चालू करून दाखवायला सांगा. कागदावर थकलेलं कर्ज आहे का ते बघा. प्रवासी नेण्याचा परवाना सागरी मंडळाकडून लागतो, त्याची चौकशी होडी घेण्याआधी करा. आणि कागद गटाच्या नावावर, कुणाच्या मालकाच्या नावावर नाही. मी रविवारी मोकळी असते, हातोडी माझ्याकडे आहे.