बांधावरचे गवत आणि त्याची निगा

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागाला मातीचे बांध नवे नाहीत. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम १९४२ साली झाला. पुढे १९७२ च्या दुष्काळातील कामांत आणि रोजगार हमी योजनेतही विस्तीर्ण क्षेत्रावर बांधबंदिस्ती झाली. मात्र बांध घातला की काम संपले, ही समजूत महागात पडली आहे. भारी काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. पहिल्याच मोठ्या पावसाचे पाणी त्यांत शिरते, बांध खचतो आणि फुटल्या जागेतून सारा लोंढा धावून ओघळ पडते. बांध टिकलाच, तर वरच्या अंगाला पाणी साचून पीक पिवळे पडते.

गवताच्या पट्ट्याचे कार्य निराळे आहे. तो पाणी कोंडत नाही, त्याचा वेग मोडतो. पाणी पसरून हळूहळू पलीकडे झिरपते, माती मागे राहते, आणि काही वर्षांत वरच्या बाजूस पायरीसारखी सपाटी आपोआप तयार होते. कर्नाटकातील गुंडलुपेट भागाचे शेतकरी वाळ्याच्या ओळी शेताच्या कडेने पूर्वापार राखीत आले आहेत. जागतिक बँकेचे कृषितज्ज्ञ जॉन ग्रीनफील्ड व रिचर्ड ग्रिमशॉ यांनी १९८० च्या दशकात याच गवताचा पुरस्कार केला. वाळ्याची मुळे सरळ खोल, अनुकूल जमिनीत तीन मीटरपर्यंत, जातात. लागवडीचा वाळा हरळीसारखा पिकात पसरत नाही.

लागवड पावसाळ्याच्या आरंभी, ठोंबे फोडून करावी. दोन ठोंबांत १५ सेंटिमीटर अंतर धरल्यास १०० मीटर ओळीस सुमारे ६७० ठोंबे लागतात. दोन टक्के उताराच्या शेतात दर एक मीटर उतरणीला एक ओळ धरली, तर दोन ओळींत ५० मीटर अंतर पडते. ओळ समपातळीवरच हवी. ती उताराला तिरपी गेली, तर पाणी तिच्या कडेने वाहू लागते.

खरी अडचण येथेच आहे. समपातळी रेषा सातबारा पाहून जात नाही. ती तीन-चार खातेदारांच्या शेतांतून वळणे घेत जाते, आणि एकाने आपल्या हद्दीत ओळ सोडली, की त्या खिंडारातून पाणी खालच्या शेजाऱ्याच्या शेतात घुसते. शिवाय दरवर्षी नांगराचे एक तास बांधात घालून तो कोरण्याची खोड गावोगावी आहे. तिच्यावरून झालेले तंटे सरपंचांना सांगण्याची गरज नाही! म्हणून ओळीची आखणी सर्व खातेदारांना शिवारात उभे करून, त्यांच्या संमतीने ग्रामपंचायतीने करवून घ्यावी.

पहिल्या वर्षी पट्ट्यात गुरे शिरू देऊ नयेत. मेलेली ठोंबे पुढच्या पावसाळ्यात भरावीत, आणि वाळा ३० ते ५० सेंटिमीटर उंचीवर कापावा, म्हणजे फुटवा दाट येतो. जून वाळ्याला जनावरे तोंड लावीत नाहीत. ज्यांना चारा हवा त्यांनी मारवेल लावावा. मात्र तो जनावरांना आवडतो, तेव्हा राखणही अधिक लागते. वाळ्याच्या सुगंधी मुळ्यांना बाजारात भाव मिळतो, तरी पट्ट्यातील मुळ्या खणू नयेत. मुळ्यांसाठी वाळा हवा असेल, तर त्याचा वाफा वेगळा करावा.