डॉक्टरांना काय वाटेल?



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. पण गेली दोन वर्षं तुमचे जे फोन येतात ते कॉम्प्युटरसाठी नसतात, आईवडिलांच्या आजारपणासाठी असतात. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आलो, घरातल्या फायली आता आपल्या हातात आल्या. म्हणून आज मी खोकल्यावर बोलणार आहे. हसू नका.

गेल्या वर्षी माझ्या आईचा खोकला तीन महिने हटेना. दम लागायचा, वजन उतरलं. नेहमीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला आणि टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स लिहून दिला. हे डॉक्टर म्हणजे आमच्या घरचेच, माझ्या कांजिण्यासुद्धा त्यांनीच बऱ्या केलेल्या. मी पुण्याला फोनवर सगळे कागद मागवून पाहिले. थुंकीच्या तपासणीचा रिपोर्ट त्यात कुठेच नव्हता. मी म्हटलं, "गोळ्या सुरू करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू." आई म्हणाली, "डॉक्टरले काय वाटी?"

आपल्या गावात हा प्रश्न पैशांपेक्षा मोठा असतो. डॉक्टर बाजारात भेटतात, लग्नात शेजारच्या पंगतीत बसतात. आमच्या धंद्यात एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जातच नाही, आणि त्यावरून कोणी रुसत नाही. पण हे आईला सांगून उपयोग नव्हता.

मी दोन गोष्टी पाहिल्या. आजाराचं नाव तपासणीवरून ठरलंय की अंदाजावरून? आणि अंदाज चुकला तर काय? टीबीच्या औषधांचा लिव्हरवर ताण येऊ शकतो, तोही महिनोन्‌महिने. शिवाय टीबी खरा असेल पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा असेल, तर तो आतल्या आत वाढतो आणि घरातल्या इतरांनाही लागतो.

डॉक्टरांवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. धारावीतलं उदाहरण पाहा. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या 100 खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी 80 वेगवेगळ्या पद्धतींची औषधं लिहिली होती. पुढे 2010 मध्ये हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी पुन्हा पाहणी केली. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी चिठ्ठी लिहा म्हटल्यावर 106 डॉक्टरांपैकी फक्त 3 जणांची चिठ्ठी बरोबर निघाली. हे सगळे रोज रुग्ण तपासणारे डॉक्टर. एका माणसाच्या नजरेतून काही सुटणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही.

आम्ही धुळ्याला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि आईला विचारलं, "स्वयंपाक कशावर केलात आजवर?" पस्तीस वर्षं चूल. पऱ्हाट्या, काटक्या, गोवऱ्या. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही चुलीच्या धुरामुळे सीओपीडी होतो, यावर पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं आहे, हे मला नंतर कळलं. माझ्या आईला मात्र हा प्रश्न त्या दिवसापर्यंत कोणी विचारलाच नव्हता.

थुंकीची सीबीनॅट तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत झाली. हे मशीन जंतू आहेत का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, दोन्ही साधारण दोन तासांत सांगतं. जंतू सापडले नाहीत. नळीत फुंकर मारायची स्पायरोमेट्री केली, त्यात श्वासनलिका अरुंद झालेल्या दिसल्या. डाग बहुधा जुन्या आजाराचा व्रण असावा, असं डॉक्टरांचं मत पडलं. तरी ते म्हणाले, सीबीनॅटवर सगळं सोडायचं नाही, कल्चरही करू. त्याला सहा आठवडे लागतात. टीबीच्या गोळ्यांशिवाय काढलेले ते सहा आठवडे मला सगळ्यांत जड गेले. इन्हेलर मात्र लगेच सुरू झाला.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी थोडं. कागद मागायला लाजू नका. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्यायच्या, असं डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत आहे. दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे, असं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाची सनद सांगते. पण हक्काची भाषा आपल्याकडे कशाला? "मुलीला फाईल बघायचीय" एवढं म्हटलं तरी पुरतं. टीबीची औषधं सुरू झालेली असतील तर दुसरं मत मिळेपर्यंत ती मनाने बंद करू नका. आणि बसल्या जागी धाप लागत असेल, ओठ निळे पडत असतील, थुंकीतून रक्त येत असेल, तर आधी जवळचा दवाखाना गाठा. तिथे पहिलं मतच महत्त्वाचं. दुसऱ्यावर समाधान झालं नाही म्हणून तिसरा, मग चौथा, हेही मला पटत नाही. आमच्या मामांनी मुंबईचं एक नाव सुचवलं होतं. आम्ही धुळ्यावरच थांबलो.

कल्चरमध्येही काही निघालं नाही. ते सगळे रिपोर्ट घेऊन आई स्वतःच आपल्या जुन्या डॉक्टरांकडे गेली. मी सोबत होते. त्यांनी एकेक कागद शांतपणे वाचला, आधीची चिठ्ठी फाईलमधून काढून ठेवली, आणि म्हणाले, "इन्हेलर कसा ओढता, दाखवा बरं." आई ओढायची आणि लगेच श्वास सोडायची. धुळ्याला दाखवलं होतं, पण घाईत तिला ते नीट कळलं नव्हतं. डॉक्टरांनी तीनदा करून घेतलं: ओढा, दहा मोजेपर्यंत रोखा, मग सोडा. आता रोज सकाळी माझा भाचा आजीसमोर उभा राहून मोठ्याने दहापर्यंत मोजतो, आणि सातच्या पुढे मुद्दाम हळू मोजतो म्हणून आजी त्याला डोळे वटारते.