भीमेच्या अल्याड-पल्याड : एका बंदिवानाचा आणि त्याच्या घराचा माग



भालकी तालुक्यातल्या एका आजींनी मागे मला विचारलं होतं, "आमचे एक पणजोबा काळ्या पाण्यावर गेले म्हणतात. घरात मात्र सांगतात, काशीला गेले. कोणाचं खरं धरायचं?" आपल्याकडे असं बऱ्याच घरांत आहे. चोर म्हणून गेला की बंडवाला म्हणून गेला, घराने दोघांनाही काशीलाच पाठवलं. आजचं माझं बोलणं त्या प्रश्नावरच आहे.

आधी एक ठाऊक असलेला माणूस घेऊ. वासुदेव बळवंत फडके. जन्म ४ नोव्हेंबर १८४५, पनवेलजवळच्या शिरढोणचा. पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी. त्यांचं बंड पुणे जिल्ह्यातलं म्हणून आपण शिकतो, पण शेवट आपल्या दारात झाला. श्रीशैलाहून आल्यावर ते गाणगापूरला राहिले. दत्तभक्त होतेच. पण नुसत्या दर्शनाला आले नव्हते. इस्माईलखान रोहिल्याशी माणसं मिळवण्याची बोलणी चालली होती. पुढे २० जुलै १८७९ च्या रात्री देवर नावडगीच्या देवळात, तापाने फणफणलेले असताना मेजर डॅनियलने त्यांना झोपेत पकडलं. सोबत निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक होते.

गाव तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यातलं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं. भीमा ओलांडली की निजामाचं राज्य. माग काढणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं, कारण नदीच्या एका काठाचा कागद मुंबईला गेला आणि दुसऱ्या काठाचा हैदराबादला. हैदराबादचा दरबारी कागद १८८४ पर्यंत फारसीत, नंतर उर्दूत. गावचा हिशेब मोडीत नाहीतर कन्नडात. रेसिडेंटाचा कागद इंग्रजीत, आणि ठगी-दरोडे खात्याचा दिल्लीला. त्यात १९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले. आपण बीदरचे लोक बंगळूरचे झालो, दप्तर मात्र बरंचसं हैदराबादेतच राहिलं. माणूस हरवण्याआधी आपल्याकडे त्याची भाषा हरवते, ती अशी.

फडक्यांचंच पाहा. त्यांनी आत्मवृत्त आणि रोजनिशी मराठीत लिहिली. खटल्यात तोच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला. पुढे मुंबई सरकारने १९५७ साली स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड छापला, त्यात ते इंग्रजीत आलं. मराठी माणसाचं मन आपण दुभाष्याच्या इंग्रजीतून वाचतो. मला याचं वाईट वाटतं, पण तक्रार कोणाकडे करणार? त्या दुभाष्याने निदान जपलं तरी.

पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. जन्मठेप झाली. जानेवारी १८८० मध्ये 'तेहरान' बोटीने त्यांना एडनला नेलं. काळं पाणी म्हटलं की अंदमान, हा आपला पाठ. अंदमानची वसाहत १८५८ ची, सेल्युलर जेल तर १९०६ चा. एडनलाही माणसं गेली. त्याआधी सिंगापूर, पिनांग, मॉरिशसलाही गेली. आजींचे पणजोबा अंदमानच्या यादीत सापडले नाहीत म्हणून ते गेलेच नाहीत, असं होत नाही. फडके एडनच्या तुरुंगातून एकदा निसटलेही, पण सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारले.

आता घर. दुसरी पत्नी गोपिकाबाई. पहिल्या पत्नीची मुलगी मथुताई. गोपिकाबाईंना त्यांनी लिहावाचायला शिकवलं होतं. शिक्षेपासून मृत्यूपर्यंत तीन वर्षांवर काळ गेला. या काळात अशा बाईचं काय? नवरा जिवंत आहे म्हणून कुंकू आहे, पण तो परत येणार नाही हे गावाला माहीत आहे. हळदीकुंकवाला बोलावतात का? सणाला मान कोण देतं? हा जाच इतिहासाच्या पुस्तकात नसतो, आणि वंशावळीत तर नाहीच.

आपल्या सुरपूरचे राजे व्यंकटप्पा नायक यांचं तेच. १८५८ च्या बंडानंतर फाशीऐवजी जन्मठेप, मग तीही कमी करून मद्रासजवळच्या किल्ल्यात चार वर्षांची कैद ठरली. वाटेत गोळी लागून ते गेले. ज्या मेडोज टेलरला ते लहानपणी अप्पा म्हणत, त्याच टेलरने आपल्या आत्मचरित्रात ही गोष्ट लिहिली. संस्थान खालसा झालं आणि १८६० ला निजामाला मिळालं. राजाची निदान गोष्ट तरी कोणी लिहिली.

बाकीच्यांचा माग कुठे घ्यायचा? माझा अनुभव सांगतो : शिक्षेच्या कागदाआधी वतनाचा कागद काढा. कैद्याचं नाव तुरुंगाच्या वहीत वेडंवाकडं लिहिलेलं असतं, पण भावबंदांच्या वाटण्यांत कोणी चूक करू देत नाही. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वतन कायद्याने वंशावळी दाखल कराव्या लागल्या. इकडे निजामाच्या मुलखात पाटील-कुलकर्ण्यांच्या घरात मोडी फडताळं आहेत. ती तशीच ठेवू नका. वाळवी कोणाची जात बघत नाही.

त्या आजींच्या घरीही एक वाटणीपत्र निघालं. दोन भाऊ, तिसऱ्याचा हिस्सा. तिसऱ्याच्या नावापुढे एकच शब्द, 'परागंदा'. काशी नाही, काळं पाणीही नाही. खाली सह्या. मोडी कागदावर लिहिता न येणाऱ्याची निशाणी असते, कुणब्याचा नांगर तशी बाईची बांगडी. तिसऱ्या हिश्श्यासमोर बाईचं नाव होतं. तिच्या नावाआधी 'गंगा भागीरथी' नव्हतं, विधवेला लिहितात तसं. 'सौभाग्यवती' होतं.

आजींनी ते दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तिने कुंकू पुसलं नव्हतं?" मी म्हटलं, "निदान त्या दिवसापर्यंत तरी नाही." त्यांनी चष्मा काढला आणि बांगडीच्या त्या गोलावर हळूच बोट फिरवलं.