इयादतीच्या आधी
(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिलाय, ‘इंजिनिअर सार्वजनिक आरोग्याकडे का वळली?’ गेलं वर्षभर हाच प्रश्न मला घरी, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत विचारला जातोय. विचारणाऱ्यांच्या मनात काय असतं ते मला कळतं. बी.ई. झालेली, बारा वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत टिकलेली मुलगी, हिला कमी काय पडलं? येत्या जूनपासून मी नोकरी सोडून दोन वर्षांच्या एम.पी.एच., म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थच्या अभ्यासक्रमाला जातेय. म्हणून आज नीट उत्तर देते.

लोकांना वाटतं, हिच्या घरात कुणाला तरी कॅन्सर झाला असणार. तसं काही झालेलं नाही. ऑफिसातली एक मैत्रीण दर शनिवारी परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या परिसरात कॅन्सरच्या रुग्णांना मदत करायला जायची. एकदा म्हणाली, “चल सोबत, मराठी, हिंदी आणि उर्दू तिन्ही येणारं माणूस हवंय.” गेले. पाच वर्षं झाली, जातेच आहे.

तिथलं काम फार थोर असतं असं समजू नका. रुग्णालय 1941 सालचं, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथे येतात. बीड, नांदेड, मालेगाव, थेट बिहार, बंगाल. कुणाला खिडकी सापडत नाही, कुणाला फॉर्म वाचता येत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका लागते आणि ती गावी राहिलेली असते. कुणाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता हवा असतो, कुणाला रक्तदाता. आम्ही फाइल नीट लावून देतो, पुढची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून देतो, डॉक्टर काय म्हणाले ते घरच्या भाषेत पुन्हा सांगतो. बरेचदा नुसतं शेजारी बसतो.

हे करताना माझी सॉफ्टवेअरची सवय आड आली. आमच्या धंद्यात एखादी यंत्रणा बंद पडली की दुरुस्तीनंतर सगळे बसतात आणि घड्याळ उलटं फिरवतात. पहिली खूण कधी दिसली? ती कुणी पाहिली? मधला वेळ कुठे गेला? मी रुग्णांच्या बाबतीत हेच लिहायला लागले. नाव नाही, गाव नाही, फक्त तारखा. त्रास पहिल्यांदा कधी जाणवला, पहिला डॉक्टर कधी, तुकडा तपासायला कधी दिला, मुंबईत कधी पोचले.

तारखा मिळवणंच अवघड. ‘किती महिन्यांपासून त्रास आहे’ असं विचारलं तर माणसं महिन्यांत उत्तर देत नाहीत. शबे-बरातच्या सुमाराला, कापूस वेचणीच्या दिवसांत, धाकटीचा साखरपुडा झाला तेव्हा, अशी उत्तरं येतात. मी मोबाइलवर जुनं कॅलेंडर काढून हिशेब लावायची.

एक खाला होत्या, यंत्रमागाच्या गावातल्या. त्यांना विचारलं, “खाला, गाठ पहिल्यांदा हाताला कधी लागली?”

“मोहरम के पहले.”

आम्ही बोलत होतो तेव्हा बकरी ईद तोंडावर आली होती. म्हणजे अकरा महिने उलटून गेलेले.

“इतके दिवस कुणाला सांगितलं नाही?”

“दुखताच नै था ना बेटी. किसकू बोलती?”

हे वाक्य मी त्यानंतर किती तरी बायकांच्या तोंडून ऐकलं. स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. आणि आपल्या घरांतल्या बायकांना शिकवलेलं असतं की दुखलं तरी बोलू नये, मग न दुखणाऱ्या गाठीबद्दल कोण बोलणार? खालांचे ते महिने कशात गेले, तेही त्यांनी सांगितलं. पुरुष डॉक्टरला दाखवायची लाज. मुलीचं लग्न पार पडू दे हा विचार. कुणी तरी दिलेला दम केलेलं पाणी आणि लेप. गावातल्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या. मग रमजान, रोजे सुटू देत म्हणून थांबणं. यातलं कुठलंही कारण वाईट माणसाचं नाही. सगळी भल्या, घरासाठी जगणाऱ्या बाईची कारणं आहेत.

माझ्या नोंदी म्हणजे अभ्यास नव्हे, म्हणून त्यांतले आकडे तुम्हाला सांगत नाही. पण त्या वाचताना एक गोष्ट मला टाळता येईना. आम्ही स्वयंसेवक ज्या खिडकीपाशी उभे होतो, तिथे पोचायच्या आधीच माणसाचा सगळ्यात मोलाचा वेळ संपलेला असायचा. मी शनिवार वाढवून दोन दिवस गेले असते, तरी तो वेळ परत मिळणार नव्हता.

आपल्यात इयादतीला, आजाऱ्याच्या भेटीला, मोठा मान आहे. आजारी माणसाची विचारपूस करणं हा त्याचा आपल्यावरचा हक्क मानतात. जकात, सदका आहे, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चादर पसरून इलाजासाठी पैसे गोळा होतात. मी स्वतः त्या पैशांतून केमोथेरपीची बिलं भरलेली पाहिलीत आणि देणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण हे सगळं आजार झाल्यानंतरचं. आजार वाढायच्या आत त्या दारात कोण जाणार? ते दार ठोठावायचं जे शास्त्र आहे, त्याला सार्वजनिक आरोग्य म्हणतात. मला ते शिकायचं आहे.

“तू काय डॉक्टर होणार का?” अब्बांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. “मग पेशंटला तपासणार कोण?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना मुंबईतल्याच एका कामाची गोष्ट सांगितली.

1998 पासून टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा मोठा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी व्हायची. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य व्हिनेगर लावायचं, एखादा भाग पांढरा पडला तर पुढे पाठवायचं. तपासणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. बारा वर्षांनी हिशेब केला तेव्हा, तपासणी झालेल्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी निघाले.

दुसरी गोष्ट तर आमच्या भागातली. मी सोलापूरची. आमच्या जिल्ह्यातल्या बार्शीत 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 1,31,746 बायकांचा अभ्यास झाला. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एच.पी.व्ही. विषाणूची तपासणी मिळाली, त्यातल्या 34 हजार बायकांत आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं 34 मृत्यू झाले. ज्यांना नेहमीचेच उपचार होते, त्या 31 हजारांत 64. हा निकाल 2009 साली जगभर गाजला. दोन्ही अभ्यासांवर पुढे टीकाही झाली, की तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांना तपासणी का दिली नाही? ती टीकाही आपण वाचली पाहिजे. त्या 64 बायका आमच्या आसपासच्या गावांतल्या होत्या. मी शाळा-कॉलेजात होते तेव्हा हे माझ्या घराजवळ चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

आता जरा आपल्याबद्दल. मुंबईत 1963 पासून कॅन्सरची नोंदणी आहे आणि तिथे धर्मवार आकडेही काढले गेले. त्यांत मुस्लिम बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं प्रमाण इतरांपेक्षा कमी दिसलं. पुरुषांची सुंता झाली असेल तर एच.पी.व्ही.चा संसर्ग कमी होतो, हे त्यामागचं एक कारण मानतात. ही माहिती मी एका बैठकीत सांगितली आणि एक गृहस्थ खूश होऊन म्हणाले, “म्हणजे आपल्यात होत नाही!” कमी होतो, होत नाही असं नाही. आणि स्तनाच्या कॅन्सरला सुंतेचा काहीही अडसर नाही. भारतातल्या बायकांत आज तोच सगळ्यात जास्त आहे. पुरुषांत सगळ्यात जास्त तोंडाचा. आपल्या यंत्रमागाच्या गावांत रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून गालात काय धरतात, ते मी सांगायला नको. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. आमच्या सोलापुरात बायका विड्या वळतात, घरात मिश्री लावतात. मुलीही आईचं बघून लावतात.

तपासणीची सोय अजिबातच नाही, असंही नाही. तिशीपुढच्या लोकांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासायचा सरकारी कार्यक्रम आहे. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायका देशात 1.9 टक्के निघाल्या. स्तनाची तपासणी झालेल्या एक टक्काही नव्हत्या. सोय आहे आणि बाई तिथवर पोचत नाही. मधल्या रस्त्यावर लाज आहे, रोजंदारी बुडण्याची भीती आहे आणि भरवसा नाही.

भरवशाबद्दल परळमध्येच एक जुनी गोष्ट आहे. टाटा रुग्णालयापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर हाफकिन संस्था आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. लोक घाबरत होते, अफवा उठत होत्या. तेव्हा तिसरे आगाखान, सुलतान महंमद शाह, यांनी आपल्या अनुयायांसमोर जाहीरपणे लस टोचून घेतली. वय जेमतेम एकोणीस-वीस, तुमच्याएवढं. औषध वैज्ञानिकानं बनवलं, पण ते दंडात जायला ओळखीचा माणूस पुढे यावा लागला. आजही आपल्या मोहल्ल्यात आरोग्यसेविका येते तेव्हा दार उघडायचं की नाही, हे तिच्यासोबत कोण उभं आहे यावर ठरतं.

मग इंजिनिअरचं काय काम? भरपूर. बोलावलेल्यांपैकी कोण आलं नाही, संशयित म्हणून पुढे पाठवलेली बाई खरंच पोचली का, कुठल्या वस्तीतून रुग्ण उशिरा येतात, याचा माग ठेवावा लागतो. तो माग सुटला की माणूस सुटतो. बारा वर्षं मी बँकेच्या ग्राहकाचा एक व्यवहार हरवू नये म्हणून प्रोग्रॅम लिहिले. तेच कौशल्य इथे लागणार आहे. हे शिक्षण देणाऱ्या काही चांगल्या संस्था डॉक्टर नसलेल्या पदवीधरांनाही घेतात. म्हणजे तुमच्यातले कॉमर्सवाले, समाजशास्त्रवाले, नर्सिंगवाले, सगळ्यांना वाट आहे.

पण उद्याच राजीनामा द्या असं मी सांगणार नाही. अब्बांचा दुसरा प्रश्न होता, “पगार?” मी म्हटलं, बराच कमी होईल. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “घराचे हप्ते किती राहिलेत?” मी तीन वर्षं काटकसर करून हप्ते संपवले आणि मगच अर्ज भरला. ज्याच्या पगारावर घर चालतं, त्यानं हा हिशेब केलाच पाहिजे. अम्मीची काळजी वेगळी होती. ती म्हणाली, “लोक विचारतील, पोरगी कुठल्या कुठल्या गोष्टी बोलत फिरते.” मी तिला गाठीबद्दल सांगितलं, स्वतःची तपासणी करून घ्यायला नेलं. हल्ली शेजारणी तिलाच बाजूला घेऊन विचारतात आणि तीही सांगते.

शेवटी, ज्यांना करिअर बदलायचं नाही त्यांच्यासाठी. या आठवड्यात घरी जाऊन आई, खाला, फुफी, भाभी यांना एवढंच सांगा: स्तनात न दुखणारी गाठ, त्वचेला पडलेली खळी, पाळी गेल्यावर किंवा मधेच किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणं, यातलं काहीही असेल तर दाखवायचं. मुलांनो, अब्बांना, भाईंना सांगा: तोंडातला फोड तीन आठवड्यांत बरा झाला नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीसारखं उघडेना, तर दाखवायचं. बहुतेक वेळा ते साधंच निघेल. लाज वाटेल, पण वाक्य एका मिनिटाचं आहे. मशिदीच्या, मदरशाच्या किंवा शाळेच्या हॉलमध्ये महिन्यातला एक दिवस महिला डॉक्टरला बोलावता येतं का, हे तुमच्या मोहल्ल्यातल्या जिम्मेदार मंडळींना विचारा. नाही म्हणाले तर पुन्हा विचारा.

जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या टेबलापाशी बसणार आहे. एम.पी.एच.च्या प्रवेशपरीक्षेची पुस्तकं आणलीत, हाताळून बघा. आणि मुलींनो, घरातल्या कुणाबद्दल काही विचारायचं असेल, चारचौघांत बोलायचं नसेल, तर सरळ या. आपण बाहेर झाडाखाली बसू.