तुळस का जळते? – माती, पाणी आणि निचरा
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा सारांश)



नोकरीनिमित्त जबलपूरला आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कुंडीत तुळस, जास्वंद, कढीपत्ता असतोच. "रोज पाणी घालते, तरी तुळस जळाली," ही तक्रारही नेहमीची. पुष्कळदा ती तहानेने नव्हे, तर गुदमरून गेलेली असते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. चांगल्या मातीत साधारण निम्मी जागा पोकळ असते आणि त्या पोकळीत पाणी व हवा दोन्ही नांदतात.

मोठ्या पोकळीतले पाणी खाली उतरते व तिथे हवा शिरते; बारीक पोकळी पाणी धरून ठेवते. वाळूत म्हणूनच ओल टिकत नाही. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही लहान. ती पाणी भरपूर धरते, पण त्यातले बरेचसे इतके घट्ट की मुळांना ते ओढताच येत नाही.

इथली काळी माती याच स्वभावाची. भिजली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जबलपूर-नरसिंहपूरच्या शेतकऱ्यांनी तिचा हा गुण ओळखून 'हवेली' पद्धत बसवली. शेताला बांध घालून पावसाळाभर पाणी अडवायचे, रब्बीच्या पेरणीआधी ते सोडून द्यायचे आणि मुरलेल्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. पाणी धरणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेवर सोडणेही.

कुंडीत हे सोडणेच अडते. निचऱ्यासाठी आपण तळाशी खडीचा थर घालतो, पण त्याने उलटेच होते. बारीक पोकळीतले पाणी खडीतल्या मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही. वरची माती तुडुंब भिजल्यावरच उतरते. त्यामुळे चिंब थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे. वर सगळीकडे एकच मिश्रण भरावे: माती आणि भरपूर कुजलेले खत. चिकणमातीत मूठभर वाळू घालून भागत नाही. खतामुळे मात्र तिचे कण एकत्र येऊन ती रवाळ होते. पावसाळ्यात कुंडीखालची बशीही काढून ठेवावी.

आता विसर्जनाबद्दल. शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करून तो गाळ कुंडीत ओतण्याची प्रथा चांगली आहे. पण शाडू फार बारीक. तसाच ओतला तर वर खपली धरते आणि पाणी वरच साचते. गाळ वाळवून, फोडून, खत-मातीत थोडा थोडा मिसळावा.

शेवटी एकच विनंती. तांब्या उचलण्याआधी बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहा. ओल लागली, तर त्या दिवशी पाणी घालू नका.

गणपती बाप्पा मोरया!