निरोप पोहोचला
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला विषय दिला आहे ‘शाळेने मला काय दिलं?’ गणित दिलं, त्याच्या जोरावर इंजिनिअर झाले आणि वीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून आज दुसरंच सांगते. माझ्याकडून काही आभार मानायचे राहिले आहेत.

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री तिथून निघून पोलादपूरवरून आपल्याकडे येते, हे आपण भूगोलाच्या वहीत नकाशा काढून शिकलो होतो. त्या रात्री ती महाडात शिरली. त्याच संध्याकाळी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवरही दरडी आल्या. ज्यांनी आपली माणसं गमावली, त्यांच्यापुढे माझी गोष्ट लहान आहे, हे मी जाणते.

आई घरात एकटी होती. रात्री तिचा फोन आला, “पाणी ओटीवर आलंय, मी माडीवर जाते.” त्यानंतर महाडातला एकही फोन लागेना. कामावर सर्व्हर बंद पडला, तर कुठे बिघडलंय ते मी शोधून काढते. इथे मात्र रात्रभर तोच नंबर फिरवत बसले.

२४ तारखेला दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. “ताई, मी टेम्पोवाला. माणगावजवळ आलोय, आत्ता रेंज मिळाली. महाडात एकाने तुमचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. आई सुखरूप आहे, पाणी पोचलंय, एवढंच सांगा म्हणाला.” मी रडायलाच लागले. आभार मानायच्या आत फोन बंद झाला.

दोन दिवसांनी घरी पोचले. अंगणात गुडघाभर गाळ. आई म्हणाली, “तुमच्या वर्गातला तो मागच्या बाकावरचा आला होता गं. पिण्याच्या पाण्याची कळशी घेऊन जिना चढला. कालनिर्णयच्या मागे तुझा नंबर होता, तो त्याने उतरवून घेतला.” त्याचं स्वतःचं दुकान माळ्यापर्यंत बुडालं होतं, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून आपली मैत्रीण आली, जी शाळेत असताना पहिल्या एसटीने यायची. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. शाळेत मी तिच्या डब्यातली भाकरी पळवायचे, तेव्हाही ती दोन जास्तच आणायची.

या दोघांची नावं घेणार नाही. घेतली तर ती उठून बाहेर जातील.

पण एक कबुली द्यायची आहे. पुराच्या काही वर्षं आधी मला स्टँडवर त्याने हाक मारली होती. मी घाईत होते. खरं सांगायचं तर घाईत नव्हते, काय बोलावं ते सुचेना. मी फोन कानाला लावला आणि पुढे गेले. काल रात्री मांडव घालताना मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “ते मला नाही आठवत. दहावीला तू मला भूमितीची वही दिली होतीस, ते आठवतं.” मला ती वही अजिबात आठवत नाही.

म्हणून एक विनंती. आज पंगतीत बसाल तेव्हा स्वतःची नोकरी, फ्लॅट, मुलांचे मार्क थोडे बाजूला ठेवा. शेजारच्याला सांगा, “तू माझ्यासाठी हे केलं होतंस.” बहुतेक वेळा तो विसरलेला असेल. आपण सांगितल्याशिवाय त्याला कळणार कसं?

आणि तो टेम्पोवाला? हे स्मरणिकेत छापून आलं, तर ती कुणाच्या तरी दुकानात पडून राहील, कुणी तरी चाळेल. त्याने माझ्या आईचा निरोप हातोहात पोचवला होता. माझाही त्याच्यापर्यंत असाच पोचेल. दादा, तुमचे आभार.